आयांचे शब्द आणि आपला अहवाल
(बोईसर येथील मंडळीसमोर केलेले भाषण)



१९९२ च्या वावर-वांगणीच्या बालमृत्यूंपासून आपल्या भागाच्या आरोग्यावर अहवाल निघतच आहेत. त्यांत "अंधश्रद्धेमुळे आया दवाखान्यात येत नाहीत" असं वाक्य दिसलं, तर विचारा: हे कोण म्हणालं, किती जणी, कोणत्या महिन्यात? दिवाळीनंतर जव्हार-मोखाड्यातली पुष्कळ घरं वीटभट्टीवर जातात. मागे राहिलेल्यांशीच बोलणं झालं असेल, तर तसं लिहावं. उत्तर वारलीत असेल, तर मराठी कोणी केलं तेही.

समजा, एखादी आई म्हणाली की भगत जवळ आहे, दवाखान्यात गेलं तर दिवसाची मजुरी बुडते. याला अंधश्रद्धा म्हणायचं की मजुरी? सूत्र आपोआप वर येत नाही, ते आपण ठरवतो. ब्रॉन आणि क्लार्क या संशोधिकांनी २००६ मध्ये हेच बजावलं. आणि लूक तर शुभवर्तमानाच्या आरंभीच माहिती कोणाकडून आली ते सांगतो! अंधश्रद्धा लिहिली, तर तुमचं दान जनजागृतीच्या फलकांवर जाईल. मजुरी लिहिली, तर पाड्यावर जाणाऱ्या गाडीवर.

म्हणून प्रत्येक सूत्राखाली आयांचेच शब्द हवेत, वेगळं बोलणारीचेही. नाव आणि पाडा मात्र नको. लहान पाड्यात माणूस लगेच ओळखू येतो. आपला पुढचा अहवाल असा लिहायचा आहे. दोनचार पानं वाढतील, तेवढी वाचा.