पार्थिव गणेश : कोकणच्या मातीची भक्तिपरंपरा

(रत्नागिरी येथे शिक्षक, ग्रामसेवक व पंचायत सदस्य यांच्या मेळाव्यात केलेले भाषण)



गणेशोत्सव जवळ येत असताना आपण येथे जमलो आहोत. रत्नागिरीकरांपुढे गणपतीविषयी बोलणे म्हणजे समुद्रकाठच्या माणसाला भरती-ओहोटी समजावण्यासारखे आहे, याची मला जाणीव आहे. तथापि जे रोज डोळ्यांसमोर असते त्याच्याकडेच पुष्कळदा आपले लक्ष नसते. म्हणून या परंपरेतील एका शब्दाकडे मी आपले लक्ष वेधू इच्छितो. तो शब्द म्हणजे ‘पार्थिव’.

आपल्या जिल्ह्यात गणेशाची वसतिस्थाने अनेक आहेत. दापोली तालुक्यात आंजर्ले येथे कड्यावरचा गणपती आहे. गुहागर तालुक्यात हेदवी येथे दशभुज लक्ष्मीगणेश आहे. रत्नागिरीहून उत्तरेस किनाऱ्याच्या रस्त्याने गेले की गणपतीपुळे लागते. तेथे संपूर्ण डोंगरच गणेशस्वरूप मानला जातो आणि म्हणून भाविक डोंगरालाच प्रदक्षिणा घालतात. या गावाची एक रीत विशेष लक्षात घेण्याजोगी आहे. तेथे भाद्रपद चतुर्थीला घरोघरी मूर्ती आणण्याची प्रथा नाही. त्या दिवशी ग्रामस्थांना थेट गाभाऱ्यात प्रवेश मिळतो आणि सारे गाव एकाच गणपतीची पूजा करते. ‘एक गाव एक गणपती’ ही कल्पना आज आपण नव्याने मांडतो. आपल्या किनाऱ्यावर मात्र ती कित्येक पिढ्या आचरणात आहे.

देवळातील गणेश पाषाणाचा. तो स्थिर आहे. घरातील गणेश मातीचा; तो येतो आणि जातो. चतुर्थीच्या व्रतात ज्याची पूजा सांगितली आहे तो ‘पार्थिव’ गणेश, म्हणजे पृथ्वीचा, मातीचा. मातीला आकार द्यावा, मंत्राने तिच्यात प्राणप्रतिष्ठा करावी, दीड, पाच, सात किंवा दहा दिवस मनोभावे सेवा करावी, नंतर उत्तरपूजा करून ती माती पाण्याच्या स्वाधीन करावी, असा हा विधी आहे. ज्या पृथ्वीतून देव घडला तिच्यातच तो विलीन होतो. माती विरघळणे हा या विधीचा आनुषंगिक भाग नव्हे. तो त्याचा गाभा आहे.

या विधीभोवती कोकणातील गावाने आपले सारे जीवन गुंफले आहे. श्रावणात, पुष्कळ ठिकाणी नागपंचमीच्या सुमारास, घरचा पाट गणपतीच्या शाळेत पोहोचवला जातो. आपल्याकडे मूर्तिकाराच्या कार्यशाळेला ‘शाळा’ म्हणतात, ही गोष्ट शिक्षक बंधूंना निश्चितच आवडेल. त्या पाटावर कोणाची मूर्ती कशी हवी, कोणाकडे बैठक उंच लागते, कोणाकडे उंदीर उजवीकडे असतो, हे मूर्तिकाराला तोंडपाठ असते. चतुर्थीला दूर्वा आणि एकवीस प्रकारची पत्री लागते. आघाडा, माका, शमी, रुई, डोरली, विष्णुक्रांता, हादगा ही नावे पूजेच्या निमित्तानेच आजवर टिकली. दुसऱ्या दिवशी ऋषिपंचमीची भाजी. त्यात बैलाच्या श्रमाचे धान्य चालत नाही. पुढे पाणवठ्यावरून तेरड्याच्या रोपांची गौर वाजतगाजत घरी येते, माहेरवाशिणी सुपांनी ओवसा भरतात आणि रात्री अंगणात जाखडीचा फेर धरला जातो. शक्तिवाले व तुरेवाले यांचे सवाल-जवाब पहाटेपर्यंत रंगतात. शेतकरी, मूर्तिकार, भजनी, वादक, सुवासिनी आणि मुले यांपैकी कोणीही या उत्सवात निव्वळ प्रेक्षक नसतो.

आणखी एक गोष्ट येथे नमूद केली पाहिजे. २००१ च्या जनगणनेत रत्नागिरी जिल्ह्याची लोकसंख्या १६,९६,७७७ होती. २०११ मध्ये ती १६,१५,०६९ झाली. त्याच गणनेत दर हजार पुरुषांमागे १,१२२ स्त्रिया होत्या. कर्ता पुरुष मुंबईस आणि घर म्हाताऱ्या आईवडिलांच्या किंवा कुलपाच्या हवाली, हा या आकड्यांचा अर्थ आहे. ते कुलूप वर्षातून एकदा ज्या निमित्ताने निश्चित उघडते ते निमित्त गणपतीचे. एस.टी. च्या जादा गाड्या आणि १९९८ पासून संपूर्ण मार्गावर धावू लागलेली कोकण रेल्वे या दिवसांत भरभरून येते. भाऊबंदकीत जमिनीचे वाद असोत, गणपती मात्र पुष्कळ ठिकाणी सामाईकच असतो. वर्षभर न बोलणारे दोन भाऊ आरतीला एका पाटासमोर उभे राहिलेले आपण सर्वांनी पाहिले आहेत.

हे सारे ज्या मातीवर उभे आहे ती माती आता मूर्तीतून नाहीशी होऊ लागली आहे. ही चिंता आपल्यापुढे ठेवण्यासाठीच मी आज उभा आहे.

काही वर्षांपूर्वी विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी ओहोटीच्या वेळी मी एका गावाच्या पुळणीवर गेलो होतो. आदल्या सायंकाळी ज्यांना साश्रू नयनांनी निरोप दिला त्या मूर्तींचे हात, मुकुट आणि सोंडा वाळूत इतस्ततः पडल्या होत्या. एक शाळकरी मुलगी वाकून ते तुकडे गोळा करीत होती. तिने मला विचारले, “काका, देव गेला ना काल? मग हे काय राहिलं?” तिला देण्याजोगे उत्तर माझ्यापाशी नव्हते.

प्लास्टर ऑफ पॅरिस म्हणजे भाजलेले जिप्सम. ते पाण्यात मातीसारखे विरघळत नाही. रासायनिक रंगांसह दीर्घकाळ तसेच राहते. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०१० मध्ये मूर्तिविसर्जनाविषयी मार्गदर्शक सूचना काढल्या आणि २०२० मध्ये त्या अधिक कडक केल्या. त्या योग्यच आहेत. परंतु केवळ मनाई करून हा प्रश्न सुटणार नाही, हेही मान्य केले पाहिजे. प्लास्टरची मूर्ती वजनाला हलकी, साच्यातून झटपट निघणारी आणि स्वस्त असते. कोकणच्या पावसात मातीची मूर्ती लवकर वाळत नाही. शाडूची माती बहुतांशी गुजरातेतून येते. तिचे भाडे पडते. मूर्तिकाराचा मुलगा नोकरीसाठी मुंबईस गेलेला असतो. अशा स्थितीत चतुर्थीला आठ दिवस राहिले असता मातीची मूर्ती मागणारा भक्त आणि ती देऊ न शकणारा कारागीर, या दोघांनाही दोष देता येत नाही.

म्हणून माझी विनंती अशी की, पंचायतींनी हे काम आषाढातच हाती घ्यावे. गावात किती घरी गणपती बसतो याची यादी करून स्थानिक मूर्तिकाराकडे आगाऊ नोंदणी व काही रक्कम द्यावी. मूर्ती वाळवण्यासाठी समाजमंदिराची कोरडी जागा उपलब्ध करून द्यावी. विसर्जनासाठी पिण्याच्या पाण्यापासून दूरचा पाणवठा निश्चित करावा. प्लास्टरच्या मूर्तींसाठी कृत्रिम हौद ठेवावा. निर्माल्याचे खत करावे. शिक्षकांनी मुलांना एक दिवस गणपतीच्या शाळेत न्यावे, त्यांचे हात मातीत घालू द्यावेत. एकवीस पत्रींची झाडे ओळखण्यास शिकवावे; मात्र ती ओरबाडू नयेत, हेही सांगावे. यांपैकी कोणत्याही गोष्टीला मोठा निधी लागत नाही. वेळेवर विचार करावा लागतो.

परंपरेत बदल कसा करावा, असे कोणी विचारतील. त्याचे उत्तर याच शहरात आहे. १८५६ मध्ये येथे जन्मलेल्या लोकमान्य टिळकांनी घरातला गणपती चौकात आणण्याच्या कार्याला बळ दिले आणि उत्सवाला राष्ट्रीय आशय प्राप्त करून दिला. १९३१ मध्ये स्वातंत्र्यवीर सावरकरांच्या प्रेरणेने व दानशूर भागोजीशेठ कीर यांच्या द्रव्यसाहाय्याने येथे पतितपावन मंदिर उभे राहिले आणि देवाचे दार सर्व जातींना खुले झाले. परंपरा जिवंत राहते ती अशा बदलांमुळे. आपल्याला तर नवे काही करावयाचे नाही. प्लास्टरकडून मातीकडे, म्हणजे मूळ विधीकडेच परत जावयाचे आहे.

२०२५ मध्ये राज्य शासनाने सार्वजनिक गणेशोत्सवास राज्य महोत्सवाचा दर्जा दिला. तो दर्जा सार्थ करणे गावागावांतील आपल्या सर्वांच्या हाती आहे. पुळणीवरच्या त्या मुलीला पुढच्या वर्षी वाळूत काही सापडू नये आणि तिचा देव खरोखरच मातीत मिळून गेलेला असावा, एवढीच माझी इच्छा आहे.