नेट जातं आणि परत येतं: घोटाळा नेमका कुठे आहे?

(या भागाचं लिखित रूप. ऐकताना नोंदी काढायला वेळ मिळत नाही असं बऱ्याच जणांनी कळवलं होतं, म्हणून पायऱ्या इथे सविस्तर दिल्या आहेत.)

आजचा भाग शक्य असेल तर घरातल्या राउटरजवळ बसून ऐका. कारण आज आपण त्याच्याकडे नीट बघणार आहोत.

नेट पूर्ण बंद पडलं तर एका अर्थाने बरं असतं. तक्रार करायची, माणूस येतो, दुरुस्त करतो, विषय संपला. खरा छळ दुसऱ्या प्रकारात आहे. वीस मिनिटं झकास चालतं, मग चाळीस सेकंद गायब, मग परत चालू. कंपनीचा माणूस घरी आला की सगळं ठणठणीत. तो स्पीड टेस्ट करून दाखवतो, "बघा, शंभर येतंय," म्हणतो आणि निघून जातो. तो जिन्यावरून खाली उतरेपर्यंत नेट पुन्हा गेलेलं असतं.

माझी मावसबहीण कराडला राहून पुण्याच्या एका कंपनीचं कस्टमर सपोर्टचं काम घरून करते. नेट तुटलं की तिचं ऑफिसचं व्हीपीएन तुटतं, लॉगिन जातं आणि तेवढा वेळ हजेरीतून कापला जातो. दोन महिने हे चाललं. शेवटी टीम लीडने सांगितलं, महिन्याभरात नेट सुधारलं नाही तर पुण्याला येऊन ऑफिसमधून काम कर. पुण्यात खोलीचं भाडं, मेसचे पैसे, आणि इकडे मावशीचं गुडघ्याचं ऑपरेशन नुकतंच झालेलं. तिने मला फोन केला, "दादा, दोनदा राउटर बदलून दिला त्यांनी. आता काय करू?" तिला जे सांगितलं तेच आज तुम्हाला सांगतो.

पहिला नियम: नेट गेलं की लगेच राउटर बंद-चालू करायचा नाही. हात शिवशिवतात, माहीत आहे. पण रिस्टार्ट केलं की पुरावा पुसला जातो. नेट परत येतं, पण ते का गेलं होतं ते कधीच कळत नाही. आधी दहा सेकंद थांबा आणि दिवे बघा.

घरात फायबर असेल तर डब्यावर साधारण हे दिवे असतात: पॉवर, पॉन, एलओएस आणि वाय-फाय. एलओएस म्हणजे लॉस ऑफ सिग्नल. हा दिवा लाल झाला की बाहेरून येणारा प्रकाश डब्यापर्यंत पोचत नाहीये. म्हणजे दोष तारेत, जोडणीत किंवा त्याच्याही पलीकडे आहे. तुमचा फोन, ॲप, वाय-फायचा पासवर्ड, यांचा काही संबंध नाही. एलओएस विझलेला आहे पण पॉन लुकलुकतोय, याचा अर्थ प्रकाश येतोय, पण समोरच्या यंत्राशी बोलणं जुळत नाहीये. आणि सगळे दिवे एकदम विझून परत लागले, तर मामला विजेचा आहे.

दुसरी पायरी पिंगची. पिंग म्हणजे हाक मारून "ओ" येते का ते बघणं. फोनवर पिंग करणारं कुठलंही फुकट ॲप घ्या. दोन ठिकाणी हाक मारायची आहे. एक, तुमच्याच राउटरला. त्याचा पत्ता फोनच्या वाय-फाय सेटिंगमध्ये, जोडलेल्या नेटवर्कवर टॅप केलं की गेटवे किंवा राउटर या नावाखाली दिसतो. बहुतेक घरांत तो १९२.१६८.१.१ किंवा त्याच्यासारखाच असतो. दुसरी हाक बाहेर, ८.८.८.८ ला. हा गुगलचा सर्व्हर आहे. लॅपटॉपवर विंडोज असेल तर कमांड प्रॉम्प्टमध्ये पिंग, पत्ता आणि शेवटी वजा चिन्ह लावून टी लिहा, म्हणजे तुम्ही थांबवेपर्यंत हाका चालू राहतात.

आता नेट जाईल तेव्हा निकाल वाचा.

राउटरकडूनच उत्तर येत नाही: दोष घरातल्या वाय-फायमध्ये किंवा खुद्द राउटरमध्ये.

राउटर उत्तर देतो, पण ८.८.८.८ देत नाही: दोष राउटरच्या पलीकडे, म्हणजे तार किंवा कंपनी.

दोन्ही उत्तर देतात, तरी वेबसाइट उघडत नाहीत: बहुधा डीएनएसची गडबड. राउटरच्या किंवा फोनच्या सेटिंगमध्ये डीएनएस बदलून १.१.१.१ किंवा ८.८.८.८ टाकून बघा.

एवढ्या एका चाचणीने अर्धं भांडण मिटतं. आता एकेक शक्यता घेऊ.

वाय-फायपासून सुरू करतो. २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा म्हणजे गर्दीच्या वेळची लोकल. शेजारच्या दहा घरांचे राउटर, ब्लूटूथ, आणि मायक्रोवेव्ह ओव्हनसुद्धा त्याच पट्ट्यात. दूध गरम करायला ठेवलं की मीटिंग अडकते, असं होत असेल तर हसू नका, ते खरंच कारण असू शकतं. या पट्ट्यात १, ६ आणि ११ हे तीनच चॅनेल एकमेकांवर चढत नाहीत. वाय-फाय ॲनालायझर ॲपमध्ये यातला कमी गर्दीचा शोधून राउटरमध्ये पक्का करा. ५ गिगाहर्ट्झवर गर्दी कमी, पण भिंत आली की सिग्नल लवकर दमतो. शिवाय त्यातले ५२ ते १४४ हे चॅनेल रडारसाठीही वापरले जातात. रडारची चाहूल लागली की राउटर तो चॅनेल सोडतो आणि तेवढ्यात नेट तुटतं. विमानतळाजवळ राहत असाल तर ३६ ते ४८ मधला चॅनेल लावून बघा. आणि दोन्ही पट्ट्यांना एकच नाव असेल तर फोन इकडून तिकडे उड्या मारत बसतो. नावं वेगळी ठेवा, आठवडाभर निरीक्षण करा.

एक सोपी खातरजमा: लॅपटॉप तारेने राउटरला जोडा. तारेवर नेट अखंड आणि वाय-फायवर तुटक, तर कंपनीला फोन करण्यात अर्थ नाही. बाहेरची तार नीट आहे.

आता राउटर आणि वीज. राउटरच्या ॲडमिन पानावर अपटाइम दिसतो, म्हणजे तो किती वेळ सलग चालू आहे. तुम्ही हात लावला नाही आणि अपटाइम पंचवीस मिनिटं दाखवतोय? मग तो स्वतःच बंद पडून चालू झालाय. ॲडॉप्टर थकलेला असेल, प्लग सैल असेल किंवा डबा तापत असेल. टीव्हीच्या कपाटात, सेट टॉप बॉक्सच्या डोक्यावर राउटर ठेवला असेल तर आधी बाहेर काढा. ॲडॉप्टर बदलताना व्होल्ट तोच हवा, अँपिअर तेवढा किंवा जास्त. आपल्याकडे वीज अर्धा सेकंद जाते, पंखा फिरतच राहतो म्हणून कळतही नाही, पण राउटर मात्र रिस्टार्ट होतो आणि परत जुळायला एक-दोन मिनिटं घेतो. त्यावर राउटरसाठीचा छोटा यूपीएस हा चांगला उपाय आहे.

उलट अपटाइम आठ दिवसांचा, पण त्याच पानावर इंटरनेट जोडणीचा वेळ दहा मिनिटं, असं असेल तर डबा निर्दोष. तार बघा.

फायबरची तार म्हणजे केसासारखी काच. ती घट्ट दुमडली की प्रकाश वळणावर गळतो. खिळ्याला गुंडाळलेली, दाराच्या फटीत चेपलेली, कपाटामागे मुडपलेली, उंदराने कुरतडलेली, हे सगळं बघा. ऐपत किती उरली हे एका आकड्यात कळतं. ॲडमिन पानावर ऑप्टिकल पॉवर किंवा आरएक्स पॉवर शोधा. तो उण्यात असतो. उणे २०च्या आसपास म्हणजे छान. उणे २७च्या जवळ म्हणजे काठावर. आणि ३ डेसिबल घटले म्हणजे प्रकाश निम्मा झाला, हे लक्षात ठेवा. दोन गोष्टी मात्र करू नका. काढलेल्या टोकात डोळा घालून बघू नका, तो प्रकाश दिसत नाही पण डोळ्याला धोका आहे. आणि टोक बोटाने पुसू नका, बोटाचा तेलकटपणाच दोष वाढवतो.

माझ्या बहिणीकडे हेच निघालं. मी तिला तीन दिवस वही ठेवायला सांगितली: वेळ, कोणता दिवा, राउटरचा पिंग, बाहेरचा पिंग, आणि बाहेर हवा कशी आहे. तिसऱ्या दिवशी वहीच बोलायला लागली. एकूण सतरा वेळा नेट गेलं, सतराही वेळा एलओएस लाल, राउटरचा पिंग व्यवस्थित, आणि त्यातले चौदा प्रसंग दुपारी वारा सुटल्यावरचे. तार खांबावरून घराकडे येताना गुलमोहराच्या फांदीवर टेकली होती. फांदी हलली की बाल्कनीतली जोडणी ओढली जायची.

तिने वहीच्या पानाचा फोटो तक्रारीला जोडला आणि स्पष्ट लिहिलं: राउटर बदलू नका, पॉवर मीटर घेऊन या. या वेळी आलेल्या माणसाने मीटर लावला. उणे २८. तार हाताने हलवली तर मीटरवर काहीच नाही. त्याने जोडणी नवी केली, तार फांदीवरून काढून वेगळ्या वाटेने आणली. उणे २१. अर्ध्या तासाचं काम, ज्यासाठी दोन महिने आणि दोन राउटर गेले. ती अजून कराडलाच आहे, मावशी आता काठीशिवाय चालते.

आलेल्या माणसावर चिडू नका, हेही सांगतो. त्याला दिवसाला इतकी घरं उरकायची असतात. "नेट नीट चालत नाही" एवढंच सांगितलं तर त्याच्या हातात राउटर बदलण्यापलीकडे काही नसतं. "रोज दुपारी एलओएस लाल होतो" म्हटलं की तो सरळ तारेकडे जातो.

आणि तरीही कोणी दाद देत नसेल तर? प्रत्येक तक्रारीचा डॉकेट नंबर घ्या. नुसत्या फोनवरच्या "हो सर, बघतो" ला किंमत नाही. ट्रायच्या २०१२च्या नियमांनुसार कंपनीत दोन पायऱ्या असतात: आधी तक्रार केंद्र, आणि तिथे समाधान झालं नाही तर अपील प्राधिकरण. अपिलाला पैसे लागत नाहीत. ट्राय स्वतः एकेकट्या ग्राहकाची तक्रार सोडवत नाही, त्यामुळे तिथे मेल पाठवून वाट बघत बसू नका. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५ आहे. कुठेही गेलात तरी तारीख-वेळेसकट केलेली तुमची वही हाच सगळ्यात मोठा पुरावा.

तर या आठवड्याचं काम: पिंगचं ॲप टाका, अपटाइम बघा, आरएक्स पॉवरचा आकडा लिहून ठेवा. नेट नीट चालू असतानाच लिहा, म्हणजे बिघडल्यावर तुलना करता येईल. तुमच्याकडे दोष कुठे सापडला ते कळवा, वेगळं काही निघालं तर पुढच्या भागात त्यावर बोलू. भेटू या!