कामाच्या जागी जातीवरून होणारा छळ : कायदा आणि सहकारी

(पक्षाच्या अभ्यास शिबिरात केलेल्या भाषणाचे लेखरूप)



मी वकील नव्हे. अर्थशास्त्र शिकविण्यात माझे आयुष्य गेले. तरीही शिबिराच्या संयोजकांनी हा विषय माझ्याकडे सोपविला तेव्हा मी तो नाकारला नाही. त्याला एक खाजगी कारण आहे. ते मी शेवटी सांगेन.

या विषयासंबंधी आपल्या कार्यकर्त्यांत दोन समजुती रूढ आहेत. पहिली अशी की, खरा झगडा मालक आणि मजूर यांचा. जातीचा प्रश्न त्या झगड्यात आपोआप विरून जाईल. दुसरी अशी की, १९८९ चा अत्याचार प्रतिबंधक कायदा आहेच. पीडिताला पोलीस ठाण्याची वाट दाखविली की आपले कर्तव्य संपले. या दोन्ही समजुती अपुऱ्या आहेत, आणि दोन्हींमुळे आपण पीडिताला एकटे सोडतो.

पहिली समजूत आपल्याच चळवळीच्या इतिहासाने खोटी ठरविली आहे. मुंबईच्या कापडगिरण्यांत विणकाम खात्यातील मिळकत अधिक होती. परंतु तेथे धोट्यातला तुटलेला धागा तोंडाने ओढून घ्यावा लागे, आणि त्यामुळे ‘विटाळ’ होतो म्हणून अस्पृश्य कामगारांना त्या खात्याचे दार बंद होते. हे दार मालकाने एकट्याने लावलेले नव्हते. शेजारच्या मागावर उभ्या असलेल्या कामगारबंधूंनीही लावले होते. १९२८ च्या संपाच्या वेळी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हा प्रश्न मागण्यांत आलाच पाहिजे असा आग्रह धरला आणि पुढाऱ्यांनी तो नाखुषीनेच मान्य केला. जात म्हणजे केवळ श्रमाची विभागणी नव्हे, ती श्रमिकांचीच विभागणी आहे, हा त्यांनी १९३६ साली मांडलेला सिद्धान्त अशा अनुभवाच्या पायावर उभा होता. अर्थशास्त्राच्या भाषेत सांगायचे तर जातीवरून होणाऱ्या छळाचा हिशेब मजुरीत मांडता येतो. बढती हुकते, गैरसोयीच्या ठिकाणी बदली होते, आणि त्रासून माणूस राजीनामा देतो. त्याने मोकळी केलेली जागा कोणाला तरी मिळते.

आता कायद्याकडे वळू. घटनेच्या सतराव्या अनुच्छेदाने अस्पृश्यता नष्ट केली. सोळाव्या अनुच्छेदाने सरकारी नोकरीत जातीवरून भेदभाव करण्यास मनाई केली. १९५५ चा अस्पृश्यता (अपराध) कायदा १९७६ साली ‘नागरी हक्क संरक्षण कायदा’ झाला. तोही अपुरा पडला म्हणून अनुसूचित जाती व अनुसूचित जमाती (अत्याचार प्रतिबंध) कायदा, १९८९ आला. तो ३० जानेवारी १९९० पासून लागू झाला आणि २०१५ च्या दुरुस्तीने पुष्कळ व्यापक झाला. या जातीजमातींबाहेरच्या व्यक्तीने त्यांतील व्यक्तीचा, लोकांच्या दृष्टीस पडेल अशा ठिकाणी, हेतुपुरस्सर अपमान केला किंवा जातीच्या नावाने शिवीगाळ केली तर तो गुन्हा आहे. त्याला सहा महिन्यांपासून पाच वर्षांपर्यंत कारावासाची शिक्षा आहे. कोणतीही नोकरी वा व्यवसाय करण्यास अडथळा आणणे आणि सामाजिक वा आर्थिक बहिष्कार टाकणे हेही गुन्हे आहेत. तपास पोलीस उपअधीक्षकाच्या दर्जाच्या अधिकाऱ्याने करावयाचा आणि साठ दिवसांत पुरा करावयाचा असतो. आरोपीला पीडिताची वैयक्तिक ओळख असेल तर त्याला त्याची जात माहीत होती असे न्यायालय गृहीत धरते. एकाच कार्यालयात वर्षानुवर्षे काम करणाऱ्याला ‘मला जात ठाऊकच नव्हती’ असे म्हणून सहजासहजी सुटता येत नाही.

कायदा कणखर आहे. मग तो कामाच्या जागी लटका का पडतो? दोन प्रकरणे पाहा.

पहिले आपल्या कऱ्हाडचे. तेथील शासकीय औषधनिर्माणशास्त्र महाविद्यालयातील एका भांडारपालाच्या गोपनीय अहवालात वरिष्ठांनी प्रतिकूल शेरे लिहिले. हे जातीच्या आकसाने झाले अशी फिर्याद त्याने २००६ साली दिली. वरिष्ठांवर खटला भरण्यास परवानगी नाकारली गेली, पुढे परवानगी नाकारणाऱ्या अधिकाऱ्यावरही फिर्याद झाली, आणि ते प्रकरण सर्वोच्च न्यायालयात पोहोचले. २० मार्च २०१८ रोजी न्यायालयाने ती कारवाई तर रद्द केलीच, पण प्राथमिक चौकशी आणि अटकेपूर्वी परवानगी अशा अटी घालून सबंध कायदाच सैल केला. २ एप्रिलला देशभर बंद झाला. ऑगस्टमध्ये संसदेने दुरुस्ती करून त्या अटी दूर केल्या, १ ऑक्टोबर २०१९ रोजी न्यायालयाने आपले ते निर्देश मागे घेतले आणि १० फेब्रुवारी २०२० रोजी दुरुस्ती वैध ठरविली. कायदा वाचला, पण मूळ प्रश्न तसाच राहिला. शिवी सिद्ध करता येते. शेऱ्यामागचा आकस फौजदारी न्यायालयात सिद्ध करणे महाकठीण असते.

दुसरे प्रकरण तामिळनाडूतले. महसूल खात्याच्या एका निरीक्षकाला त्याच्याच कार्यालयात जातीवरून शिवीगाळ झाल्याची फिर्याद होती. ३१ जानेवारी २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने खटला रद्द केला. कारण असे की, घटना कार्यालयाच्या चार भिंतींच्या आत घडली. सहकारी आले ते नंतर. तेव्हा ती ‘लोकांच्या दृष्टीस पडेल अशा ठिकाणी’ घडली असे म्हणता येत नाही. कलमाच्या शब्दांप्रमाणे हा अर्थ लागत असेल; पण कामाच्या जागी छळणारा साहेब माणसाला चौकात नेऊन शिवी देत नाही. तो त्याला आपल्या खोलीत बोलावतो.

तेव्हा पोलीस ठाण्याची वाट एकमेव मानू नये. महाराष्ट्रातील कामगाराला १९७१ चा कामगार संघ मान्यता व अनुचित कामगार प्रथा प्रतिबंध कायदा ठाऊक असावा. सूडबुद्धीने कामावरून काढणे, धोरणाच्या आडून आकसाने बदली करणे, गुणांचा विचार न करता एका गटाला झुकते माप देणे, या मालकाने केलेल्या अनुचित प्रथा आहेत. त्यांविरुद्ध नव्वद दिवसांत तक्रार करावयाची असते. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या औद्योगिक संबंध संहितेतही अशा प्रथांची यादी आहे. येथे ‘लोकांच्या दृष्टीस’ ही अट नाही. बदलीचा हुकूम, हजेरीपत्रक आणि पगारपत्रक हेच येथे पुरावे होतात. सरकारी सेवकाच्या बाबतीत, गोपनीय अहवालातील प्रत्येक शेरा त्याला कळविलाच पाहिजे असे सर्वोच्च न्यायालयाने २००८ साली सांगितले आहे. तो मागून घ्यावा आणि त्यावर लेखी म्हणणे द्यावे. शिवाय अनुच्छेद ३३८ खालील राष्ट्रीय अनुसूचित जाती आयोग आणि ३३८-क खालील जमाती आयोग यांना चौकशीच्या कामी दिवाणी न्यायालयाप्रमाणे साक्षीदार बोलाविण्याचे व कागदपत्रे मागविण्याचे अधिकार आहेत.

पण या साऱ्या वाटा एकट्या पीडितानेच चालावयाच्या आहेत. छळ होणार नाही हे पाहण्याचे बंधन मालकावर टाकणारा सर्वसाधारण कायदा आपल्याकडे नाही. ही उणीव समजण्यासाठी ब्रिटनचे उदाहरण उपयोगी पडेल. तेथे छळ जातीचा नसून वर्णाचा आणि वंशाचा. आपले हजारो देशबांधव तेथील गिरण्या-कारखान्यांत तो सोसत आले. तेथे १९६५ चा पहिला वांशिक संबंध कायदा नोकरीला लागूच नव्हता; १९६८ च्या कायद्याने नोकरी आत आली; आणि १९७६ च्या कायद्याने कामगाराला थेट औद्योगिक न्यायाधिकरणात जाण्याचा हक्क मिळाला. तेव्हाही न्यायालये संकुचितच होती. १९८६ साली एका महिला कर्मचाऱ्याची तक्रार फेटाळली गेली. एका अधिकाऱ्याने दुसऱ्याशी बोलताना तिचा वर्णवाचक शिवीने उल्लेख केला होता आणि तो तिच्या कानी पडला होता. पण तो तिने ऐकावा असा हेतू नव्हता, असे सांगितले गेले. दहा वर्षांनी, १९९६ साली, वारे फिरले. जोडे बनविणाऱ्या एका कारखान्यात सोळा वर्षांच्या मुलाला सहकाऱ्यांनी तापलेल्या स्क्रू-ड्रायव्हरने डागले होते. इतके क्रूर कृत्य ‘नोकरीच्या ओघात’ घडले असे म्हणता येत नाही, म्हणून मालक जबाबदार नाही, असे आधी ठरले होते. वरच्या न्यायालयाने ते उलटविले. छळ जितका भयंकर तितका मालक मोकळा, असा अर्थ कायद्याचा असूच शकत नाही, हे त्या निकालाचे सार.

आज तेथे २०१० चा समता कायदा आहे. प्रतिष्ठेचा भंग करणारे किंवा भीतीचे, अपमानाचे वातावरण निर्माण करणारे वांशिक वर्तन, हेतू असो वा नुसता परिणाम, छळ ठरते. सहकाऱ्याने केलेल्या छळाचा दोष मालकावर येतो. तो टाळण्यासाठी आपण योग्य ते सर्व उपाय योजले होते हे मालकाने सिद्ध करावयाचे असते. तक्रार केली म्हणून त्रास देणे हा स्वतंत्र अपराध मानला आहे. तेथे सारे आलबेल आहे असे मुळीच नाही. २०१३ साली सरकारने न्यायाधिकरणाला भारी फी लावली आणि गरीब कामगाराला दार बंद केले. ती फी एका कामगार संघटनेनेच न्यायालयात झगडून २०१७ साली रद्द करविली. हक्क कायद्याने दिला, पण दार उघडे ठेवले ते संघटनेने.

असे काही आपल्याकडे अशक्य आहे असे कोणी म्हणू नये. स्त्रियांच्या लैंगिक छळाच्या बाबतीत आपण ते केले आहे. २०१३ च्या कायद्याने दहा वा अधिक कर्मचारी असलेल्या प्रत्येक ठिकाणी तक्रार समिती नेमण्याचे बंधन मालकावर घातले. बंद खोलीतली घटना तेथे त्याज्य ठरत नाही. मग जात, जमात, धर्म आणि वंश यांवरून होणाऱ्या छळाला तोच न्याय का नको? समान संधी आयोगाचा मसुदा एका तज्ज्ञ गटाने २००८ साली केंद्राला दिला होता. पुढे भेदभावविरोधी खासगी विधेयकही लोकसभेत मांडले गेले. त्यांतून कायदा झाला नाही. आपल्या पक्षाने ही मागणी जाहीरनाम्यात घातली पाहिजे, आणि खासगी उद्योग तिच्या कक्षेबाहेर ठेवता कामा नयेत.

तोपर्यंत कार्यकर्त्याने काय करावे? पीडिताला रोजची नोंदवही ठेवावयास सांगावे : तारीख, वेळ, उच्चारलेले नेमके शब्द, हजर असलेल्यांची नावे. तक्रार लेखी द्यावी आणि पोच घ्यावी. मुदती पहिल्याच दिवशी लिहून ठेवाव्या. युनियनच्या मागणीपत्रकात जातीवरून होणाऱ्या छळाच्या तक्रारींसाठी समितीची मागणी घालावी. करारात ती आली की तिचा भंग हीही अनुचित प्रथा ठरते. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, साक्षीदार उभे करावे.

आता ते खाजगी कारण. १९९७ च्या सुमाराची गोष्ट. तालुक्याच्या गावच्या एका महाविद्यालयात मी शिकवीत होतो. एका तरुण दलित सहकाऱ्याला संस्थेच्या प्रमुखाने आपल्या खोलीत बोलावून जातीवरून बोल लावले. दार उघडे होते. बाहेर बाकावर आम्ही तिघे बसलो होतो आणि प्रत्येक शब्द आम्हाला ऐकू आला. दुसऱ्या दिवशी तो अर्ज लिहून माझ्याकडे आला. खाली साक्षीदारांच्या नावांसाठी जागा सोडलेली होती. “सर, आपण ऐकलेत ना?” एवढेच त्याने विचारले. मी त्याला म्हणालो, “प्रकरण वाढवू नका. वर्षभरात तुम्ही कायम व्हाल.” त्याने कागदाची घडी केली. उरलेल्या दोघांनीही सही केली नाही. सहा महिन्यांनी तो नोकरी सोडून गेला.

कायदा तेव्हाही होता. दार उघडे होते, म्हणजे कलमाची अटही पुरी होत होती. उणीव होती ती माझ्या सहीची. मी तेव्हा याच पक्षाचा सभासद होतो.

तुमच्यापैकी कोणाकडे असा अर्ज आला, तर आधी सही करा. सल्ला मागाहून द्या.