आधी ऐका, मग सुधारा

(मंदिराच्या जीर्णोद्धार सोहळ्यात, बाल भजनी वर्गाच्या कार्यक्रमापूर्वी केलेले भाषण)



मी तालुका कचेरीतला साधा कारकून. शिक्षण एस. एस. सी. पर्यंत. आवक-जावक लिहिण्यात आयुष्य गेलेले, त्यामुळे भाषणाची सवय नाही. परंतु बाल भजनी वर्गात मी पेटी धरतो, म्हणून समितीने मला दोन शब्द बोलण्याची आज्ञा केली. आज जे बोलणार आहे त्यात थोडी माझी कबुली आहे. ती गोड मानून घ्यावी.

जुना सभामंडप उतरवला तेव्हा त्याचे सागवानी खांब ओट्याशेजारी रचून ठेवले होते. त्यातला उजव्या बाजूचा तिसरा खांब मी ओळखला. त्या खांबाआड मी तीस वर्षे टाळ घेऊन बसलो.

लहानपणी मी बरा गात असे. काकड्याला मला पुढे बसवीत. आठवीत गेलो आणि आवाज फुटला. एका एकादशीला मी अभंग उचलला, तो वर गेल्यावर सूर तुटला. भर भजनात कोणीतरी म्हणाले, "अरे, याला कुणी गायला बसवलं?" सगळे हसले. बोलणाऱ्याच्या मनात काही वाईट नव्हते, त्यांच्या ते दुसऱ्या दिवशी ध्यानातही नसेल. मी मात्र त्या दिवसापासून खांबाआड गेलो. तेरा-चौदाव्या वर्षी मुलाचा आवाज फुटतो, घोगरा होतो आणि काही काळाने पुन्हा बसतो, ही साधी गोष्ट मला कोणी सांगितली नाही. माझा आवाजही बसला असेल. पण मी तो पुन्हा लावून पाहिलाच नाही.

कचेरीत चुकीचा शेरा पडला तर तो खोडून शेजारी सही करता येते. मुलाच्या मनावर पडलेला शेरा असा खोडता येत नाही.

इतके सोसूनही मी शहाणा झालो नाही, ही माझी कबुली. मंदिराचे काम चालू असताना भजन शाळेच्या व्हरांड्यात भरू लागले. मुले भोवती जमू लागली, तेव्हा आमच्या पखवाजवाल्या बुवांनी दर गुरुवारी वर्ग सुरू केला. एके दिवशी सहावीतल्या एका मुलीने अभंग निराळ्याच चालीत म्हणायला सुरुवात केली. दुसरी ओळही पुरी होऊ दिली नाही आणि मी पेटीचा भाता मिटला. "चाल बदलायची नाही. शिकवलंय तसं म्हण," असे सगळ्यांदेखत बोललो. ती गप्प झाली. पुढचे दोन गुरुवार आलीच नाही.

तिसऱ्या आठवड्यात मी तिच्या घरी गेलो. तिची आजी अंगणात धान्य पाखडीत होती. मी काही विचारण्याआधीच म्हातारी म्हणाली, "भाऊसाहेब, पोरगी माझ्या जात्यावरच्या ओवीची चाल गात होती. ती चुकली असंल, तर मी साठ वर्सं चुकतेच हाय म्हणायची."

मंडळी, मला खाली बघावे लागले. आपल्या आयाबायांनी पहाटे जात्यावर बसून ज्या ओव्या गायल्या, त्यात विठ्ठल आहे, माहेर आहे, सगळा संसार आहे. हेमा राईरकर आणि गी पॉइटविन यांच्या प्रयत्नाने अशा एक लाखाहून अधिक ओव्या गोळा झाल्या आहेत. ते धन त्या मुलीच्या घरात होते. तिने ते देवापुढे आणले, आणि मी त्याला चूक म्हणालो.

काही वडीलधारी मंडळी म्हणतील, अभंगाला हात लावू देऊ नये. शब्दांच्या बाबतीत मलाही ते शंभर टक्के मान्य आहे. संतांचा एक काना-मात्रा इकडचा तिकडे होता कामा नये. परंतु चाल ही पिढीगणिक नवी होत आली आहे. पंडित भीमसेन जोशी यांच्या तोंडून आपण जे अभंग ऐकतो, त्यांतील कित्येकांना राम फाटक, श्रीनिवास खळे यांनी चाली दिल्या. त्या नव्याच होत्या. त्यामुळे अभंग बाटला नाही. उलट घरोघरी पोहोचला.

दुसरे उदाहरण कुमार गंधर्वांचे. १९२४ साली बेळगाव जिल्ह्यात सुळेभावी येथे जन्मलेला शिवपुत्र कोमकळी हा मुलगा मोठ्या गवयांच्या तबकड्या ऐकून हुबेहूब गाऊन दाखवी. लोक थक्क होत. नक्कल करण्यातच तो अडकून पडला असता. मुंबईत प्रा. बी. आर. देवधर यांच्याकडे तो शिकला. देवधर मास्तरांनी त्याला एकाच घराण्यात बांधून ठेवले नाही, नाना तऱ्हेचे गाणे ऐकू दिले आणि तालीमही दिली. पुढे क्षयाच्या आजारात कुमारजींचे गाणे काही वर्षे बंद पडले. देवासला अंथरुणावर असताना त्यांच्या कानांवर माळव्यातली लोकगीते पडत, आणि त्या धुनांतून त्यांनी पुढे नवे राग बांधले. आज जात्यावरची ओवी ऐकताना मला याची आठवण होते.

आता कोणी विचारील, मग काय पोरांना लाडावून ठेवायचे? मुळीच नाही. रियाज चुकवून चालणार नाही. बेसूर असेल त्याला सुरेल म्हणणे हाही मुलाचा घातच आहे. फक्त सांगण्याची रीत असावी. बुवा आणि मी मिळून वर्गात आता चार गोष्टी पाळतो, त्या आपल्यापुढे ठेवतो.

पहिली, प्रत्येक मुलाला कोणती पट्टी मानवते ते पेटीवर आधी पाहतो. मोठ्यांच्या पट्टीत मुलाला ओढले म्हणजे चांगला गळाही बेसूर वाटतो. दुसरी, ज्याचा आवाज फुटला आहे त्याला उठवत नाही. त्याने खालच्या सुरात, हलक्या आवाजात गावे, त्या काळात पखवाजावर हात बसवावा. तिसरी, मूल गात असताना मध्ये तोडत नाही. पूर्ण ऐकतो, चांगले काय झाले ते सर्वांसमोर सांगतो, चूक मागाहून एकट्याला, तीही एका वेळी एकच. चौथी, शेवटची दहा मिनिटे मुलांची. सगळ्यांनी टाळीवर आठ मात्रांचा भजनी ठेका धरायचा आणि पाळीपाळीने एकेकाने एक आवर्तन आपल्या मनाने भरायचे. कोणी सूर भरतो, कोणी बोल. सम चुकली तरी हसायचे नाही. पहिल्या दिवशी दोघेच तयार झाले होते. आता पाळीसाठी भांडतात.

देणगीदार बंधूंनो, आपल्या पैशांतून फरशी झाली, शिखर झाले, कळस चढला. आपले उपकार गाव विसरणार नाही. आता माझी मागणी लहान आहे. नव्या सभामंडपात रोज सायंकाळचा एक तास मुलांसाठी मोकळा राहावा. वर्गाच्या पखवाजाची पुडी फुटली आहे, ती कोणीतरी बदलून द्यावी. आणि गावाकडे मागणे असे की, एकादशीच्या भजनात पहिला अभंग मुलांचा असावा, तो संपेपर्यंत कोणी शेरा मारू नये.

त्या मुलीची मी तिच्या घरीच माफी मागितली. पुढच्या गुरुवारी ती आली, तेव्हा मी पेटी बंद ठेवली आणि तिची चाल आधी पूर्ण ऐकली. मग तिचे सूर शोधून काढले. बुवांनी ठेका धरला, आणि ती चाल त्यात अशी बसली की जणू पहिल्यापासून तिथलीच. आज हा वर्ग तोच अभंग त्याच चालीत म्हणणार आहे. म्हातारी पुढच्या रांगेत बसली आहे.

मुलांनी मला एक अट घातली आहे. धृपद उचलताना मीही त्यांच्याबरोबर गायचे. तीस वर्षांनी गळा उघडतो आहे. सूर तुटला, तर आपण सांभाळून घ्यावे. नव्या मंडपात माझ्यापुढे आता खांबही नाही.

एवढे बोलून मी माझे दोन शब्द पुरे करतो. रामकृष्ण हरी.