आधी नाते, मग वागणे
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



‘ख्रिस्ती बाईने कसे वागावे’ यावर चार शब्द बोला, असे चिटणीसबाईंनी मला सांगितले. मी मराठी सातवी शिकलेली. व्याख्यान काही मला जमायचे नाही. पण कसे वागावे हे विचारण्याआधी आपण कोणाच्या, हे ठरले पाहिजे, असे मला वाटते.

उधळ्या पुत्राची गोष्ट आपल्याला पाठ आहे. सगळ्यांचे लक्ष धाकट्याकडे जाते. मला मात्र थोरल्याचे वाईट वाटते. तो घर सोडून गेला नाही, शेतात राबला, बापाचा शब्द मोडला नाही. आणि इतकी वर्षे स्वतःला गडी समजत राहिला. माझे ते सगळे तुझेच, हे बापाला त्याला सांगावे लागले! आपल्यातही अशा पुष्कळजणी आहेत. उपासना चुकवायची नाही, दान चुकवायचे नाही, आणि मनात सारखी धास्ती, की कुठे कमी पडले तर देव घराबाहेर काढील. नवी सून सासरी भीतभीत भाकरी थापते, तशी ही भक्ती. माहेरी लेकही भाकरी थापतेच. पण ती करपली म्हणून तिला कोणी परकी म्हणत नाही. (शेजारच्या हिंदू भगिनी हसताहेत, म्हणजे त्यांनाही हे ठाऊक आहे!)

लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ आपल्यापैकी अनेकींनी वाचली असतील. टिळकांनी 1895 साली बाप्तिस्मा घेतला, तेव्हा बाईंचे सोवळे कडक होते. त्यांनी स्वतः बाप्तिस्मा घेतला तो 1900 साली. पण शिवाशीव त्याआधीच सुटली होती, आणि तीही कोणाच्या उपदेशाने नव्हे. जाती माणसांनी केल्या, देवाने नाही, हे त्यांचे त्यांनाच उमगले. मग कोणाच्याही हातचे पाणी त्यांना चालू लागले. टिळकांनी तर ख्रिस्ताचे अभंग लिहिले. ख्रिस्ताचे झाले म्हणून ज्ञानोबा-तुकोबांची भाषा त्यांना परकी झाली नाही. तुम्ही आमच्यातल्या की परक्या, असे कोणी विचारले तर मी त्यांचेच उदाहरण देते.

आता जरा घरचे बोलते. आपल्यात एका घरी मूल वर्षाचे झाले तरी बाप्तिस्मा झाला नव्हता. कारण काय, तर जेवण घालायला पैसे नाहीत! माझा जीव तुटला. पाळण्यातल्या मुलाने अजून काय पुण्य केलेले असते? त्याला प्रार्थना येत नाही, देवाचे नाव येत नाही. तरी तू आमचा, असे मंडळी त्याला म्हणते. कमाईच्या आधीच मिळणारे हे नाते, आणि त्यालाच आपण पंगतीची किंमत लावली. अमकीने मटण केले, मग तमकीने बिर्याणी करायची. हे कोणी सुरू केले कोण जाणे, पण बंद आपणच बायका करू शकतो.

आम्ही आठ-दहाजणींनी त्या आईशी बोलून रविवारी उपासनेतच बाप्तिस्मा ठरवला. तिच्या संमतीनेच हे सांगते आहे. नंतर चहा आणि एकेक लाडू. रवा एकीने, साखर दुसरीने आणली; लाडू वळायला ती आई स्वतः बसली. पुढच्या महिन्यात आणखी दोन बाप्तिस्मे आहेत. त्यांतले एक घर चांगले सुखवस्तू आहे. त्यांनीही चहा-लाडूच करायचे कबूल केले आहे. मोठे पातेले माझ्याकडे आहे. कपबशा मात्र प्रत्येकीने आपापल्या आणाव्यात.