विंचवाचं बिऱ्हाड ओट्यावर
(स्नेहमेळाव्यात केलेलं भाषण)



संयोजकांनी मला आधीच बजावलंय, ‘सॉफ्टवेअरबद्दल बोलू नकोस, तुझ्या त्या फिरत्या घराबद्दल बोल.’ तर मंडळी, ते फिरतं घर आम्ही विकलं. ते का विकलं आणि त्याच्या जागी काय आलं, एवढंच सांगते.

आम्ही मीरा रोडला बेव्हर्ली पार्कात राहतो. सहा वर्षांपूर्वी ट्रॅव्हलर गाडीच्या सांगाड्यावर कॅम्पर व्हॅन बांधून घेतली. त्यात दोन बिछाने, छोटा ओटा, सिंक आणि संडास. आपल्याकडे १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमानुसार गाडीत असा बदल परवानगीशिवाय करता येत नाही. त्यामुळे कागदपत्रं आधी आणि पडदे नंतर. राज्य सरकारने २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं, तेव्हा आमच्या बिल्डिंगमधले लोक म्हणाले, ‘मॅडम, सरकारने तुमचं ऐकलं.’

काशिमीऱ्याहून घोडबंदर रस्त्याला लागलं की आमची सुट्टी सुरू. लोणार, आंबोली, तारकर्ली, माळशेज असं पुष्कळ हिंडलो. भूगोलाच्या बाई आपल्याकडून कोरे नकाशे भरून घ्यायच्या, त्यातल्या बऱ्याच ठिपक्यांवर मी चहा केलाय, बाई!

सोबत आई असायची. माझी आई तुमच्यापैकी अनेकांना आठवत असेल. तिच्या हातचे दडपे पोहे या सभागृहातल्या निम्म्या लोकांनी खाल्लेत. बाबांच्या मागे ती आमच्याकडे आली आणि गाडीत सगळ्यात जास्त रमली तीच.

दोन वर्षांपूर्वी तिला विसरायला होऊ लागलं. आधी शब्द, मग माणसं. घरी फारसं जाणवायचं नाही, कारण घरातली वाट पायांना पाठ असते. पण गाडीत रात्री जाग आली की ती दार उघडायची आणि बाहेर रोज निराळं गाव! काल समुद्र, आज डोंगर. मग ती घाबरून विचारायची, ‘आपण कुणाच्या दारात आलोय?’ ज्या गोष्टीसाठी आम्ही गाडी घेतली होती, म्हणजे रोज दाराबाहेर नवं काहीतरी, तीच तिला सोसेना. डॉक्टर म्हणाले, तिला बाहेर न्या, जरूर न्या, पण ओळखीच्या एकाच जागी न्या.

मी इंजिनीअर. मी तक्ता मांडला. पहिल्या वर्षी गाडीत ३४ रात्री काढल्या होत्या, शेवटच्या वर्षी ५. सोसायटीच्या खालच्या पार्किंगमध्ये गाडीची उंची बसत नसल्यामुळे बाहेरच्या जागेचं भाडं मात्र बाराही महिने. शिवाय उभी गाडी म्हणजे खर्च थांबलेली गाडी नव्हे. बॅटरी वापरली नाही तरी हळूहळू उतरते. टायर न झिजताही म्हातारे होतात. त्यांच्या कडेवर चार आकडी खूण असते, पहिले दोन आकडे आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. तुमच्याही गाडीवर आज घरी गेल्यावर बघा.

इंग्लंडमध्ये कॅराव्हॅनवाल्यांच्या दोन जाती आहेत. एक गाडीमागे घर ओढत हिंडणारे, दुसरे एकाच जागी कायमचं घर ठेवून दर सुट्टीत तिथेच जाणारे. त्या ठेवलेल्या घराला ते ‘स्टॅटिक’ म्हणतात. हात-पाय थकले की पुष्कळ जण पहिल्यातून दुसऱ्यात जातात. तिथल्या १९६० च्या कायद्यात तर राहण्याजोगी आणि एका जागेवरून दुसरीकडे नेता येईल अशी वास्तू म्हणजे कॅराव्हॅन. ती प्रत्यक्षात हललीच पाहिजे असं नाही!

आम्हीही तेच केलं. गाडी एका तरुण जोडप्याला दिली. आरटीओचे २९ आणि ३० नंबरचे फॉर्म भरले आणि किल्लीबरोबर आईची मिसळणाची डबी चुकून जाऊ नये म्हणून ओटा दोनदा तपासला.

माळशेज घाट चढून गेलं की जुन्नर तालुक्यात ओतूरजवळ माझ्या मामेभावाचं शेत आहे. आपल्याकडे बिगरशेतकऱ्याला शेतजमीन सहज विकत घेता येत नाही, त्यामुळे जागा त्याचीच. तलाठी आणि ग्रामपंचायतीत विचारून, त्याच्याच नावाने, बांधाजवळ वीस फूट बाय आठ फुटांची कंटेनरची खोली ठेवली. ट्रेलरवरून आली, क्रेनने उतरली आणि चार काँक्रीटच्या ओट्यांवर बसली.

फायदे मोजून सांगते. गाडीत १०० लिटर पाणी म्हणजे १०० किलो ओझं, घाटात ते इंजिनला कळतं. इथे टाकी बाहेर, ओझं जमिनीचं. गाडीतल्या १२ व्होल्ट १०० अँपिअर-अवरच्या बॅटरीत जेमतेम सव्वा युनिट वीज. पंखा रात्रभर चालायचा, एसीचं नाव काढायचं नाही. इथे मीटरची वीज आहे. तोटेही आहेत. पत्रा उन्हाळ्यात तापतो, म्हणून भिंतीत आतून थर्माकोलसारखा जाड थर आणि वर वेगळं छप्पर लागतं, मध्ये वारा खेळायला जागा सोडून. आणि बिबट्यांचा तालुका असल्याने अंधार पडला की आईचा हात धरल्याशिवाय कुणी बाहेर पडत नाही.

लेकीला सुरुवातीला हे पटलं नाही. दहावीतली मुलगी, ‘दर वेळी तेच आंब्याचं झाड बघायचं?’ म्हणाली. मी तिला धनगरांचं सांगितलं. पावसाळा संपला की ते मेंढरं घेऊन कोकणाकडे उतरतात आणि पावसाच्या आधी परत घाट चढतात. पण पुष्कळदा त्यांची म्हातारी माणसं गावच्या घरी थांबतात, आणि फिरणाऱ्यांना परत यायला ते घर असतं. तिने ऐकून घेतलं. आता ती सायकल घेऊन परिसर पालथा घालते आणि आजीला येऊन सांगते.

आई आता तिथे रात्री उठली तरी दार उघडून बघते, आंबा दिसतो, आणि परत येऊन झोपते. माझं नाव तिला कधी आठवतं, कधी नाही. त्या झाडाला मात्र ती ‘आपला आंबा’ म्हणते. आमच्या सगळ्या हिशोबात ही ओळ तक्त्यात नव्हती, पण व्यवहार तिच्यामुळेच फायद्यात गेला.

आपण सगळे पंचेचाळिशीच्या आसपास आहोत. आईवडिलांना कुठे न्यायचं आणि कुठे थांबायचं, हा प्रश्न पुष्कळांच्या घरी आलाय किंवा येतोय. गाडी घेणाऱ्यांनी घ्या, मी रस्ते सांगेन. थांबणाऱ्यांनी ओतूरला या. माणसं तीनच झोपतील, बाकीच्यांना अंगण आहे. येताना आईशी बोलायची तयारी ठेवा. नाव सांगू नका, आधी दडपे पोह्यांची आठवण काढा. कृती तिला अजून पाठ आहे.