वाढती शहरे आणि मागे पडणारा निवारा



शहरांत माणसे मावेनाशी झाली आहेत, ही तक्रार नवी नाही. मुंबईपुरते बोलावयाचे तर ती दीडशे वर्षांहून जुनी आहे. १८५३ मध्ये बोरीबंदर ते ठाणे आगगाडी सुरू झाली, पाठोपाठ कापडगिरण्या उभ्या राहिल्या आणि अमेरिकेतील यादवी युद्धामुळे कापसाचे भाव कडाडले. १८६४ च्या शिरगणतीत मुंबईची वस्ती ८ लाख १६ हजार भरली. युद्ध संपले, तेजी ओसरली आणि १८७२ मध्ये हाच आकडा ६ लाख ४४ हजारांवर आला. माणसे शहराकडे प्रामुख्याने कामासाठी येतात, हेच यावरून दिसते. काम टिकले की माणूसही टिकतो आणि मग त्याला घर लागते.

पुढे गिरण्या स्थिरावल्या. कोकणातून व घाटावरून कामगार आले. त्यांच्या कामाची सोय झाली. निवाऱ्याची झाली नाही. विहार तलावाचे पाणी १८६० मध्ये शहरात आले. परंतु सांडपाणी वाहून नेण्याची व्यवस्था त्या प्रमाणात झाली नाही. दाट वस्तीत ओल, अंधार आणि कोंदटपणा कायम राहिला. १८९६ मध्ये मांडवी भागात प्लेग प्रकटला. गोव्याचे सुपुत्र डॉ. अकासियो व्हिएगस यांनी तो प्रथम ओळखला. लाखो लोकांनी शहर सोडले. त्यानंतर १८९८ मध्ये शहर सुधारणेसाठी ‘सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट’ स्थापन झाला. रुंद रस्ते निघाले, दादर-माटुंग्याच्या आखीव वसाहती झाल्या. पण पाडलेल्या घरांतील अनेक गरीब भाडेकरू शेजारच्या चाळींतच दाटीवाटीने राहू लागले.

१९२० नंतर सरकारच्या विकास खात्याने वरळी, नायगाव, शिवडी आणि आजचा ना. म. जोशी मार्ग येथे २०७ चाळी बांधल्या. खोली १६० चौरस फुटांची, शौचालये सामाईक. या चाळींनी कामगारांच्या पिढ्यांना आसरा दिला, हे कृतज्ञतेने म्हटले पाहिजे. तथापि, एका खोलीत स्वयंपाक, अभ्यास, आजारपण व बाळंतपण निभावणाऱ्या गृहिणीचे कष्ट कोणत्याही तक्त्यात नोंदले गेले नाहीत.

स्वातंत्र्यानंतर वाढीचा वेग आणखी वाढला. १९५१ मध्ये बृहन्मुंबईची लोकसंख्या सुमारे ३० लाख होती. १९८१ मध्ये ती ८२ लाखांवर गेली आणि २०११ मध्ये १ कोटी २४ लाख झाली. १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्याने भाडेकरूला संरक्षण मिळाले. परंतु गोठलेल्या भाड्यात दुरुस्तीचा खर्च भागेना आणि जुन्या इमारती खचू लागल्या. म्हणून १९६९ मध्ये इमारत दुरुस्तीचा कायदा करावा लागला. १९७१ च्या कायद्याने झोपडपट्टी सुधारणेचा मार्ग आखला, १९९५ मध्ये पुनर्वसन प्राधिकरण आले. तरीही २०११ च्या जनगणनेनुसार शहरातील सुमारे ४२ टक्के लोक झोपडपट्टीतच राहत होते.

मित्रहो, या इतिहासात एक क्रम पुनःपुन्हा दिसतो. आधी माणसे येतात, मग संकट येते आणि त्यानंतर कायदा येतो. हा क्रम आपण उलटा करू शकतो काय, हा खरा प्रश्न आहे.

तो आज केवळ मुंबईचा राहिलेला नाही. २००१ ते २०११ या दशकात मुंबई शहर जिल्ह्याची लोकसंख्या ३३ लाख ३८ हजारांवरून ३० लाख ८५ हजारांवर उतरली. वाढीचा भार ठाणे, कल्याण, वसई, पनवेल या दिशांना सरकला. २०११ मध्येच राज्यातील ४५ टक्के जनता नागरी भागात होती. या नव्या शहरांत जलवाहिनी, मलनिःसारण, शाळा व दवाखाना यांची जागा घरे उठण्यापूर्वी राखली, तर काम थोडक्या खर्चात होते. घरे उठल्यावर तेच काम करताना आधी गरिबाचे छप्पर जाते.

नगरपालिकांच्या सदस्यांनी आणि अधिकाऱ्यांनी विकास आराखड्यातील प्रत्येक आरक्षित भूखंड याच दृष्टीने जपावा, अशी माझी विनंती आहे. उद्या येणाऱ्या कुटुंबाच्या वाट्याचे पाणी आणि उजेड त्या भूखंडावर अवलंबून आहेत.

जय हिंद, जय महाराष्ट्र!